धोंडिबा ओव्हाळांची फौज

द्रौपदीमावशी रणपिसे माझ्या नात्यातल्या नाहीत. इथे न्यूझीलंडमध्ये, पापाटोएटोला, आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात, एवढंच. त्यांचा मुलगा अनुप आणि सून गौतमी दिवसभर कामावर असतात. माझी पेनरोजच्या रंगाच्या कारखान्यातली पाळी दुपारी संपते, त्यामुळे मावशींना डॉक्टरकडे नेणं, कानाच्या मशीनची बॅटरी आणून देणं ही कामं आपोआप माझ्याकडे आली. मी, म्हणजे ही विभावरी, फार सोशिक बाई आहे असा कुणी समज करून घेऊ नये. मावशी मला आवडतात म्हणून मी जाते. न आवडणाऱ्या माणसासाठी मी गाडीची किल्लीसुद्धा शोधत नाही.

मावशींचं वय पंच्याऐंशी. अंगानं काटक, आवाज खणखणीत. आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते न्यूझीलंडमधली माणसंच तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. पांढरी सुती साडी, वर अनुपचं जुनं काळं जॅकेट, पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा अवतारात त्या कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात जायच्या, तिथल्या गुजराती पोराला आधी माओरी नमस्कार, "किया ओरा" म्हणायच्या आणि मग त्याच्या शिळ्या ब्रेडबद्दल अस्सल मराठीत त्याची खरडपट्टी काढायच्या. तो पोरगा "येस आंटी, सॉरी आंटी" करत राहायचा.

देहू रोडला त्यांनी आयुष्यभर बालवाडी चालवली. नवरा गेला, तेव्हा एकुलत्या एका मुलानं त्यांना इथे आणलं. त्यालाही आता अकरा वर्षं होतील. इथे आल्यावर मोठ्या उत्साहानं त्या इंग्रजी शिकायला बसल्या होत्या, पण डोक्यात काही राहीना. नातवाला मराठी समजायचं, पण तो उत्तर इंग्रजीत द्यायचा. बाईंनी चाळीस चाळीस पोरांना बोलायला शिकवलं आणि स्वतःच्या घरात मुक्या झाल्या. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं, हसत हसत, आणि मला काही हसू आलं नाही.

बोलायला लागल्या की चार वाक्यांत गाडी त्यांच्या वडिलांवर यायची. धोंडिबा ओव्हाळ. मावशी त्यांना आबा म्हणतात.

आबा श्रीगोंद्याकडचे. मावशी पाळण्यात होत्या तेव्हा ते इंग्रजांच्या फौजेत भरती झाले, पण शिपाई म्हणून नाही. फौजेच्या मागून धोबी, भिस्ती, झाडूवाले अशी माणसं जायची, त्यांना फॉलोअर म्हणत. जन्मानं महार असलेल्या आबांच्या वाट्याला बादली आणि झाडू आला आणि त्यांना सिंगापूरच्या लष्करी इस्पितळात धाडलं. तिथे शिपायांचं जेवण एकीकडे आणि यांचं दुसरीकडे. ताटल्यासुद्धा वेगळ्या टांगलेल्या. मग जपानी आले, सिंगापूर पडलं आणि साहेबांच्या हुकमानं सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. "आबांकडे हत्यार कुठं होतं?" मावशी म्हणायच्या. "त्यांनी झाडू ठेवला."

काही महिने आबा कैदेत होते. मग आझाद हिंद सेना उभी राहिली आणि कुणीतरी आबांना विचारलं, बंदूक धरशील का? आबांनी धरली. पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळी ते सवयीनं ताट घेऊन लांब जाऊन बसले. एक शीख हवालदार उठून आला, त्यानं आबांचा दंड धरला, त्यांना उठवलं आणि पंगतीत आपल्या शेजारी आणून बसवलं. सगळ्या फौजेचा भटारखाना एकच होता. बस्स, एवढीच गोष्ट. लढाया, नेते, भाषणं यांतलं मावशींना फारसं काही सांगता यायचं नाही. पण हवालदारानं दंड कसा धरला ते त्या माझा दंड धरून दाखवायच्या, आणि दर वेळी त्यांचा आवाज इथेच फुटायचा.

त्या फौजेचं पुढं काय झालं ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. आबा ब्रह्मदेशात पोचले तेव्हा पायांत बूट नव्हते आणि समोर अख्खं साम्राज्य होतं, विमानं, रणगाडे, डबाबंद मटण. यांच्याकडे मूठभर तांदूळ आणि हिवताप. इरावतीच्या काठावर आबांच्या तुकडीतली अर्धी माणसं गोळीनं गेली नाहीत, जुलाबानं गेली. तो शीख हवालदारही तसाच गेला. आबांनी त्याला पुरलं, कारण जाळायला सुकं लाकूड मिळालं नाही. शेवटी इंग्रजांनी पकडलं, कलकत्त्याजवळच्या छावणीत ठेवलं आणि नंतर हातात काहीही न देता सोडून दिलं.

पुढं देश स्वतंत्र झाला. नव्या सरकारनं या माणसांना फौजेत परत घेतलं नाही. आबा एका डेपोच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. मी बंदूक चालवलेली आहे, म्हणाले. आतला बाबू म्हणाला, झाडूवाल्याची जागा आहे, घेतोस का? आबा तसेच मागे फिरले आणि मरेपर्यंत त्यांनी खडकी बाजारात हमाली केली. घरी मात्र ते कधी एकटे जेवले नाहीत. कुणी नसलं तर रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायचे. मावशी सत्तावीस वर्षांच्या असताना ते गेले. सत्कार, ताम्रपट, पेन्शन यांतलं काहीही त्यांच्या दाराशी आलं नाही. ते गेल्याचं कळून चार हमाल आले होते, बस्स.

आता मॉरीनबद्दल सांगते. मावशींच्या कुंपणापलीकडे ही गोरी विधवा राहते, वय मावशींएवढंच. दोघींना एकमेकींची भाषा अजिबात येत नाही. तरी गेली नऊ वर्षं रोज दुपारचा चहा दोघींनी एकत्र घेतलाय, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. मॉरीन झाडावरच्या फिजोआची, त्या पेरूसारख्या हिरव्या फळांची टोपली द्यायची, मावशी त्याची लसूण घालून चटणी करून परत करायच्या. मॉरीन बोलत राहायची, मावशी बोलत राहायच्या, आणि दोघी योग्य जागी मान हलवायच्या. मी मध्ये बसून भाषांतर करायला लागले की दोघींनाही ते आगाऊपणाचं वाटायचं.

दरवर्षी पंचवीस एप्रिलला, अँझॅक डेला, मॉरीन मावशींना हाताला धरून स्मारकापाशी न्यायची. लढायांत मेलेल्या इथल्या सैनिकांचा तो दिवस. वडिलांची पदकं मुलांनी छातीवर उजवीकडे लावायची असतात. डावी बाजू ज्यानं ती स्वतः मिळवली त्याची. मॉरीनच्या उजव्या बाजूला तिच्या वडिलांची पदकं असायची. मावशींकडे पदक नव्हतं, म्हणून त्या दिवशी सगळेच लावतात ते पॉपीचं लाल कागदी फूल त्या उजवीकडे लावायच्या. बिगुल वाजायला लागला की दोघी म्हाताऱ्या ताठ उभ्या राहायच्या, आपापल्या बापासाठी. मॉरीनला मावशींच्या बोलण्यातले "सिंगापूर" आणि "फादर" एवढे शब्द कळले होते. मावशींना कळलं होतं की हिचाही बाप ही तान्ही असताना लढाईवर गेला आणि परत आला नाही. याहून जास्त माहितीची दोघींना कधी गरज पडली नाही, आणि मॉरीनचे वडील प्रशांत महासागरातल्या कुठल्याशा बेटावर गेले यापलीकडे मलाही काही ठाऊक नव्हतं.

यंदा माजी सैनिकांच्या क्लबानं मॉरीनला पुष्पचक्र वाहायला बोलावलं. ती म्हणाली, माझी मैत्रीण बरोबर असेल तरच. तीही तिच्या वडिलांसाठी वाहील. क्लबवाले आनंदानं हो म्हणाले. ज्याच्या नावानं चक्र वाहायचं त्याच्याबद्दल घरच्यानं माइकवर दोन वाक्यं वाचायची, अशी त्यांची पद्धत.

मावशींना हे मी सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "माइकवर? आबांचं नाव?" त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "विभा, अख्ख्या आयुष्यात आबांचं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं मी ऐकलं नाही गं. ओझं उचलायला हाक मारताना घ्यायचे, तेवढंच."

ही बातमी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाला, प्रकाशला, लागली आणि तो मिठाईचा डबा घेऊन हजर झाला. प्रकाशला प्रत्येक गोष्टीत मंडळ दिसतं. आपल्या समाजाचा केवढा मान, फोटो येतील, खासदार येणारेय, वगैरे. लॅपटॉप उघडून तो म्हणाला, "सांगा मावशी, काय लिहू?"

मावशींनी पाठ केल्यासारखं सांगितलं, "धोंडिबा ओव्हाळ. आझाद हिंद सेनेचे शिपाई. देशाच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी लढले."

प्रकाशची बोटं तिथेच थांबली. त्यानं अनुपकडे पाहिलं. अनुपनं खाली पाहिलं.

"आई," अनुप म्हणाला, "ती फौज जपान्यांच्या बाजूनं होती."

"बाजूनं नाही. त्यांच्या मदतीनं."

"इथे लोकांना तो फरक कळणार नाही. इथली पोरं जपान्यांशी लढताना मेली. तो दिवस त्यांचा आहे. तिथं जाऊन आपण हे वाचायचं?"

"सिम्पल करू ना," प्रकाश म्हणाला. "इंडियन आर्मी, सिंगापूर. तेही खरंच आहे. आणि ते फॉलोअर वगैरे नकोच, सोल्जर म्हणू. ऐकायला हीप्स बेटर, खूपच बरं."

माझं डोकं फिरलं. हाच प्रकाश दर जानेवारीत अवोन्डेलच्या हॉलमध्ये लहान पोरांना आझाद हिंदचे खाकी गणवेश घालून नाचवतो आणि स्टेजवर गळा फाडून जयहिंद म्हणतो. खऱ्या शिपायाची मुलगी समोर बसली तर याला घाम फुटला. मी तसं त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, तो कार्यक्रम आपल्या लोकांसाठी असतो."

मावशी शांतपणे म्हणाल्या, "इंडियन आर्मीत आबा झाडू मारत होते. शिपाई ते आझाद हिंदमध्ये झाले. आता तुम्ही त्यांना शिपाई म्हणणार आणि फौज दुसऱ्याची सांगणार?"

"आई, तुझी इथे एकच मैत्रीण आहे," अनुप म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "उगाच विषय काढू नको. तिला काय वाटेल?"

"मग तिलाच विचारू. ती शहाणी बाई आहे."

तेव्हा मावशींना अडवायला हवं होतं असं अनुप मला नंतर म्हणाला. मी म्हटलं, तू अडवून बघायचंस.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मॉरीनच्या स्वयंपाकघरात बसलो. तिनं चीज स्कोन केले होते. मावशींच्या मशीनची बॅटरी नेमकी त्याच दिवशी मान टाकत होती, तिची पिरपिर चालली होती. मावशी एकेक वाक्य सांगत गेल्या, मी इंग्रजी करत गेले. झाडू, वेगळ्या ताटल्या, हवालदार. हवालदाराच्या ठिकाणी मॉरीनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं मावशींचा हात धरला. मग ब्रह्मदेश आला. मी म्हटलं, जपान्यांच्या बरोबर.

मॉरीननं हात काढून घेतला. रागानं नाही. भाजल्यासारखा काढला.

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग माझ्याकडे वळून अगदी सपाट आवाजात म्हणाली, माझे डॅडी पोस्टखात्यात वायरलेस ऑपरेटर होते. त्यांना गिल्बर्ट बेटांवर समुद्रावर नजर ठेवायला पाठवलं होतं. त्यांच्याकडे बंदूकही नव्हती. जपान्यांनी त्यांना पकडलं, हात मागे बांधले आणि डोकं उडवलं. आईनं मला हे मी चाळिशीची झाल्यावर सांगितलं. मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

"काय म्हणते?" मावशींनी विचारलं.

मी हळू आवाजात सांगितलं. मावशींना ऐकू आलं नाही. मशीन पार बंद पडलं होतं. "मोठ्यानं सांग," त्या म्हणाल्या.

मला ते ओरडून सांगावं लागलं. त्या टापटीप स्वयंपाकघरात, मॉरीनच्या समोर, मला ओरडावं लागलं की हिच्या बापाचं डोकं उडवलं जपान्यांनी. मॉरीनला मराठी येत नाही, पण मी काय ओरडतेय ते तिला कळत होतं. तिनं डोळे मिटून घेतले. माझ्या आयुष्यात मला इतकं नकोसं कधी झालं नव्हतं.

मावशींनी दोन्ही हात जोडले आणि तसेच धरून ठेवले. मग मॉरीननं एकच प्रश्न विचारला. तुझ्या वडिलांना माहीत होतं का, की आपण कसल्या लोकांबरोबर चाललोय?

मी तो प्रश्नही ओरडून सांगितला. मनात म्हटलं, नाही म्हणा मावशी. एवढं एक नाही म्हणा. ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, कुणाला तपासायचीय?

"बेटावरचं माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण माणसं कसली आहेत ते दिसत होतं. सिंगापुरात त्यांनी चिनी माणसांना रांगेत उभं करून मारलं, ते आबांनी पाहिलं होतं. रात्री झोपेत ओरडायचे ते त्यानंच. तरी गेले. दुसऱ्या बाजूला झाडू होता."

"मावशी, हे सगळं सांगू?"

"सगळं सांग. अर्धं सांगून मैत्री ठेवायची असती तर आले कशाला असते?"

मी सगळं सांगितलं. मॉरीन उठली, आमचे भरलेले कप तिनं उचलले आणि सिंकमध्ये ओतून विसळायला लागली. पाठमोरीच म्हणाली, तिला घरी घेऊन जा, डिअर.

त्यानंतर कुंपणापलीकडच्या खिडकीचा पडदा उघडला नाही. फिजोआ झाडाखाली पडून सडायला लागले. ते मॉरीन कधी सडू देत नसे. मावशी रोज दुपारी चहाच्या वेळी मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. गौतमी त्यांना आत बोलवायची, त्या यायच्या नाहीत. जेवण अर्ध्यावर आलं. गौतमी रोज शेजारी बसून जेवू घालायची, म्हणायची, आई, दोन घास. मावशी म्हणायच्या, "पोरी, नऊ वर्षं तिच्या शेजारी उभी राहिले मी. तिच्या बापाच्या मारेकऱ्यांच्या तांदळावर माझा बाप जगला, आणि मी तिच्या शेजारी फूल लावून उभी."

मला वाटलं आता पुष्पचक्राचं मावशी सोडून देतील. पण त्यांनी उलटंच धरलं. "मोरीनबाई गेली ती गेली," त्या मला म्हणाल्या. "आता नाव तरी खरं वाचलं गेलं पाहिजे. नाहीतर तिला घालवलं कशासाठी?" त्यांच्या लेखी आता त्याची किंमत चुकती झाली होती, आणि ती परत मिळणार नव्हती.

त्यांनी अनुपला समोर बसवून ती वाक्यं इंग्रजीत वाचायला लावली. नवी बॅटरी घालून, कान पुढं करून ऐकलं. बाकीचं कळत नव्हतं, पण "आझाद हिंद" हे शब्द आले की त्या मान डोलवायच्या. अनुपनं नीट वाचलं. माझ्या समोरच वाचलं.

अँझॅक डेला सकाळी दहाला आम्ही स्मारकापाशी पोचलो. वारा सुटला होता. मावशींनी पांढरी साडी नेसली होती आणि त्या दिवशी अनुपचं जॅकेट घालायला नकार दिला होता. उजवीकडे पॉपी होती. मॉरीन पलीकडच्या रांगेत, पदकं लावून, पुतण्याच्या हाताला धरून उभी होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. तिचं चक्र वाहून झालं. तिच्या पुतण्यानं दोन वाक्यं वाचली. त्यात डोकं उडवल्याचं नव्हतं, कर्तव्य करताना मृत्यू आला असं होतं. मग आमचं नाव पुकारलं गेलं.

मावशी माझ्या हाताला धरून पायरीपर्यंत गेल्या आणि चक्र घेऊन उभ्या राहिल्या. अनुप माइकसमोर गेला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याच्या ऑफिसातले दोघेतिघे आले होते, प्रकाश फोन उंच धरून उभा होता. अनुपनं वाचलं. धोंडिबा ओव्हाळ, हिंदी लष्करातील सैनिक. राजासाठी सिंगापुरात सेवा बजावली आणि तिथे जपान्यांच्या कैदेत यातना भोगल्या.

'सैनिक' सोडलं तर एकही शब्द म्हटलं तर खोटा नव्हता. काही महिने होतेच ना कैदेत. त्या काही महिन्यांतच आबांचं सगळं आयुष्य कोंबून बसवलं होतं आणि उरलेलं कापून टाकलं होतं. मी अनुपकडे बघत राहिले. त्यानं आईकडे पाहिलं नाही.

मावशींनी वाकून चक्र ठेवलं. वाऱ्यात लाउडस्पीकरचा आवाज फाटत होता, त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. परत येताना त्यांनी माझा दंड धरला. "म्हणाला का गं?" त्यांनी विचारलं. "आझाद हिंद म्हणाला का? मला सापडलं नाही."

मी तोंड उघडलं. हो म्हणावं की नाही, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही, आणि तेव्हाही ठरवावं लागलं नाही. कारण तेवढ्यात बिगुल वाजला, आणि तो संपताच पलीकडच्या रांगेतून मॉरीन आमच्याकडे चालत आली. पुतण्याचा हात सोडून, एकटी, अडखळत आली. तिनं मावशींना मिठी मारली. दोघींची पॉपी आणि पदकं एकमेकांत अडकली. ती रडत होती आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, तू हे माझ्यासाठी केलंस. माझ्यासाठी केलंस, लव्ह.

मावशींचे हात खाली लोंबत होते. मॉरीनच्या खांद्यावरून त्या माझ्याकडे बघत होत्या. मी भाषांतर करणार तेवढ्यात त्यांनी मान हलवली.

"ती काय म्हणते ते सांगू नको," त्या म्हणाल्या. "ती आली, तेव्हाच कळलं."

"मावशी, मी आत्ता सांगते तिला. हे तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून सांगते. त्या माइकवर जाऊन सांगते."

मी खरंच गेले असते. अनुप मागे येऊन उभा होता. तो म्हणाला, "आई, तू जेवत नव्हतीस." आणि तो रडायला लागला. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना बघून मला त्याचा राग धड धरताही येईना.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या मॉरीनच्या पाठीकडे बघत होत्या. हुंदक्यांनी हलणारी, बारीक, म्हातारी पाठ. मग त्यांचे हात हळूहळू वर आले आणि त्या पाठीवर जाऊन टेकले.

"नको सांगू," त्या म्हणाल्या. "परत घालवायची माझ्यात ताकद नाही."

"आणि आबा?"

मावशींनी मॉरीनला थोपटलं, बालवाडीतल्या पोराला थोपटावं तसं.

"आबांना सवय आहे," त्या म्हणाल्या.